पदं कोणाची? एका स्त्री अभ्यास केंद्राच्या निधीकपातीचं प्रकरण

या लेखात विद्यापीठाचं, जिल्ह्याचं किंवा माणसांचं नाव नाही. ओळख पटेल असे बारीक तपशीलही थोडे इकडचे तिकडे केले आहेत. मी त्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे आणि स्त्री अभ्यास केंद्राच्या सल्लागार समितीवर होते. म्हणजे जे घडलं ते जवळून पाहिलं, पण तटस्थपणे पाहिलं असं काही म्हणवत नाही. त्यातला एक निर्णय माझ्याच आग्रहाने झाला आणि तो चुकला.

पार्श्वभूमी

स्त्री अभ्यासाला भारतातल्या विद्यापीठात पहिली खोली मिळाली ती मुंबईत. १९७४ साली एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने संशोधन केंद्र सुरू झालं आणि १९८१ मध्ये तिथेच या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्री अभ्यासाचा उल्लेख आला, त्यामागोमाग विद्यापीठ अनुदान आयोगाचा पैसा आला. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. आमचं केंद्र म्हणजे या घराण्यातलं शेंडेफळ, दहाव्या पंचवार्षिक योजनेत मंजूर झालेलं.

हा पैसा ‘योजनेतला’ होता, आणि पुढचं सगळं रामायण या एका शब्दाभोवती फिरतं. विद्यापीठातल्या नेहमीच्या विभागांतली पदं राज्य शासनाने मंजूर केलेली असतात. त्यांचा पगार शासनाच्या अनुदानातून येतो आणि पद एकदा मंजूर झालं की सहसा हलत नाही. योजनेतलं पद मात्र योजनेबरोबर जगतं. आयोग पाच वर्षांपुरते पैसे देतो, काम पाहून पुढच्या योजनेत मुदत वाढवतो, आणि केव्हातरी विद्यापीठाने व राज्य शासनाने ती पदं आपल्या अंगावर घ्यावीत अशी अपेक्षा ठेवतो. तसं हमीपत्रही मागतो.

केंद्रात संचालक मॅडम होत्या, त्या मूळ समाजशास्त्राच्या प्राध्यापक, केंद्राचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे. दोन सहायक प्राध्यापक, एक संशोधन सहायक, दस्तऐवज आणि ग्रंथालय सांभाळणाऱ्या एक ताई, आणि एक लिपिक. संचालक सोडून सगळी पदं योजनेतली. आयोगाचा हप्ता कधीच वेळेवर यायचा नाही. मग विद्यापीठ आपल्या सर्वसाधारण निधीतून पगार करायचं आणि हप्ता आला की वळता करून घ्यायचं. दहा-बारा वर्षं ही उसनवारी विनातक्रार चालली, त्यामुळे ती उसनवारी आहे हेच सगळे विसरले.

कामाबद्दल बोलायचं तर केंद्र पदविका अभ्यासक्रम चालवायचं, इतर विभागांच्या विद्यार्थ्यांसाठी एक ऐच्छिक विषय शिकवायचं, महाविद्यालयांत जाऊन लैंगिक छळ प्रतिबंधाची प्रशिक्षणं घ्यायचं. पण केंद्राचा खरा जीव होता पाच लोखंडी कपाटांत. जुनी मराठी स्त्री-मासिकं, महिला मंडळांची इतिवृत्तं, दारूबंदीच्या आंदोलनांची पत्रकं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखतींच्या वह्या. या वह्या ताईंनी आणि विद्यार्थिनींनी पाच-सहा हंगामांत भरल्या होत्या, कोयत्याचा (म्हणजे तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा) हिशेब, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी), पाळी, बाळंतपण, सगळं त्या बायकांच्या बोलीत. कोणत्या वहीत कोणतं गाव हे फक्त ताईंना पाठ. त्यांनी एक सूची करायला घेतली होती. ती अर्धवट होती.

समस्या

३१ मार्च २०१७ ला बारावी पंचवार्षिक योजना संपली. तेरावी येणारच नव्हती, कारण नियोजन आयोगाच्या जागी जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आलेला होता आणि २०१७-१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजना व योजनेतर खर्च हा भेदच काढून टाकला गेला. हिशेबाच्या दृष्टीने ती सुधारणा असेलही. पण ज्या केंद्रांचा जन्मच ‘योजना’ या शीर्षाखाली झाला होता त्यांच्या पायाखालची फरशी गेली. देशभरात अशी स्त्री अभ्यास केंद्रं दीडशेहून अधिक होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी सप्टेंबरअखेरपर्यंतची मुदत सांगितली; पुढे ती मार्च २०१८ पर्यंत गेली. त्यानंतर काय, याचं उत्तर पत्रात नव्हतं.

आमच्याकडे एप्रिलचा पगार झाला नाही. मेचाही नाही. संचालक मॅडम वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे गेल्या तर ते म्हणाले, “मॅडम, पुढच्या वर्षाची मंजुरी दाखवा, मी उद्या उचल देतो. मंजुरी नसताना दिली तर ऑडिटला मी काय सांगू?” या माणसाचा मला तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, त्या इमारतीत खरं बोलणारे तेवढे एकच होते. बाकी सगळे “बघू, होईल” म्हणत होते.

केंद्र बंद करा असं कोणीही लिहिलं नाही, कुलगुरूंनी नाही, शासनाने नाही, आयोगानेही नाही. विरोध कुणाला करायचा हे त्यामुळे ठरेना. आयोगाला विचारलं की निर्णय वरिष्ठ पातळीवर प्रलंबित. उच्च शिक्षण सहसंचालकांना विचारलं की ही पदं आयोगाची, आमचा संबंध नाही. विद्यापीठाला विचारलं की आमची अधिकार मंडळं (व्यवस्थापन परिषद, अधिसभा वगैरे) अजून बसलेली नाहीत. हे शेवटचं खरंच होतं. नवा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला होता, निवडणुका व्हायच्या होत्या, आणि धोरणात्मक म्हणावा असा कागद कोणी हातात घेत नव्हतं. त्यात राज्यात प्राध्यापक भरती बंद.

आणि याच जुलैत नॅकचा, म्हणजे विद्यापीठांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या परिषदेसाठीचा, स्वयंमूल्यांकन अहवाल तयार होत होता. त्यात लिंगभाव समानतेसाठी विद्यापीठ काय करतं हे लिहायचं असतं. गुणवत्ता हमी कक्षातून केंद्राला फोन आला की गेल्या पाच वर्षांतल्या उपक्रमांचे फोटो आणि अहवाल तातडीने द्या. चार महिने पगार नसलेल्या लिपिकाने ते पेन ड्राइव्हवर भरून दिले.

त्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे, सामाजिक वंचितता आणि समावेशक धोरण अभ्यास केंद्र होतं. अशी केंद्रं आयोगाने अकराव्या योजनेत, २००७ पासून उघडली; दलित, आदिवासी आणि धार्मिक अल्पसंख्याक समाजांच्या वंचिततेचा अभ्यास हा त्यांचा विषय. तिथे तिघं जण, सगळे कंत्राटी, स्वतःचा एकही अभ्यासक्रम नाही. त्यांची अवस्था तीच, फक्त आणखी पातळ.

पर्याय काय होते

न्यायालयाचा रस्ता दोन सहायक प्राध्यापकांनी स्वतःच पडताळून पाहिला. वकिलांनी नेमणूकपत्र वाचलं, त्यात “योजनेच्या कालावधीपुरती” हे शब्द होते, आणि लढता येईल पण वर्षं जातील असं सांगितलं. घरात दुसरा पगार नसलेल्या माणसाला हा सल्ला परवडत नाही.

स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम काढून फीवर केंद्र चालवायचं, असं कुलसचिवांनी सुचवलं. आमच्या पदविकेला येणाऱ्या मुली कोण होत्या? एसटीच्या पासवर येणाऱ्या, घरातून शिकलेली पहिलीच पिढी, काही अंगणवाडी सेविका. त्यांच्याकडून पंचवीस-तीस हजार फी घ्यायची, तर केंद्र राहील पण ज्यांच्यासाठी आहे त्याच बाहेर राहतील. हा पर्याय समितीने पाच मिनिटांत बाजूला ठेवला. कंपन्यांच्या सामाजिक निधीचंही नाव निघालं. तो प्रशिक्षणाला मिळाला असता, पगाराला नाही.

राहिले दोन पर्याय. एक, विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून अकरा महिन्यांच्या कंत्राटावर सगळी पदं चालू ठेवावीत. दोन, केंद्र समाजशास्त्र विभागात विलीन करून फक्त शिकवणारी पदं वाचवावीत. ‘फक्त शिकवणारी’ या दोन शब्दांवर आम्ही पुरेसं थांबलो नाही.

पहिला निर्णय: पेपर की फाइल

विद्यार्थिनी जुलैअखेरीस सह्यांची मोहीम घेऊन पुढे आल्या. त्याच काळात देशभरातल्या केंद्रांतून निवेदनं जात होती. संचालक मॅडमचं म्हणणं, आत्ताच पेपरात गेलं तर कुलगुरू दुखावतील, आधी फाइल वर जाऊ दे. धाकट्या सहायक प्राध्यापकांचं म्हणणं, फाइल गेले चार महिने वरच आहे.

शेवटी दोन्ही झालं. स्थानिक आवृत्तीत पान तीनवर बातमी आली. कुलगुरूंनी मॅडमना बोलावून “पेपरात कशाला जायचं होतं, माझ्याकडे यायचं” असं सुनावलं, आणि त्याच आठवड्यात उसनवारीने तीन महिन्यांचा पगार निघाला. मी बातमीच्या विरोधात होते, हे कबूल करते. पण बातमीने एवढंच साधलं. पगार निघाला, पदाचा प्रश्न तसाच राहिला. निवेदनात आम्ही सावित्रीबाई आणल्या, स्त्री अभ्यासाचं महत्त्व चार परिच्छेदांत सांगितलं, आणि पदं कोणत्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे पगार हिशेबातल्या कोणत्या खात्यातून) घ्यावीत याबद्दल एक ओळ लिहिली नाही. केंद्र महत्त्वाचं आहे हे कुलगुरूंना मान्यच होतं. ते भाषणात आमच्यापेक्षा छान सांगायचे.

दुसरा निर्णय: शेजाऱ्यांबरोबर की एकट्याने

ऑगस्टमध्ये पलीकडच्या केंद्रातले सर आले. दोन्ही केंद्रांचं एकत्र निवेदन करू, आठ पदांचा एकच प्रस्ताव ठेवू, असं त्यांचं म्हणणं. आमच्या समितीत चर्चा झाली. मी म्हणाले, आपली फाइल स्वच्छ आहे. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले, गेलेली आहेत, पदविका चालू आहे. त्यांच्याकडे अध्यापनच नाही. त्यांना जोडून घेतलं तर दोन्ही प्रस्ताव अडकतील. मॅडमना हे पटलं नव्हतं, पण माझा आवाज मोठा होता. सरांना आम्ही नम्रपणे सांगितलं की सध्या वेगवेगळं जाऊ, पाठिंबा आहेच.

पाठिंबा म्हणजे काय, तर काही नाही. मार्च २०१८ नंतर त्या तिघांची कंत्राटं पुढे गेली नाहीत. खोलीत आता परीक्षा विभागाचे गठ्ठे आहेत. आणि आमच्या टेबलावर विलीनीकरणाचा कागद आला तेव्हा सौदा करायला आम्ही एकटेच होतो. जातीचा अभ्यास एका खोलीत आणि स्त्रीचा दुसऱ्या, ही वाटणी आयोगाच्या योजनांनी केली होती. ऊसतोडीच्या वह्या उघडल्या तर कोणत्याही पानावर ती टिकत नाही. हे आम्ही वर्गात शिकवत होतो.

तिसरा निर्णय: वीस मिनिटांची बैठक

जानेवारी २०१८ मध्ये कुलसचिवांच्या दालनात बैठक झाली. प्रस्ताव तयार होता: केंद्राचं नाव पाटीवर राहील, प्रशासकीयदृष्ट्या ते समाजशास्त्र विभागाचा भाग असेल. दोन्ही सहायक प्राध्यापकांना विद्यापीठ निधीतून अकरा महिन्यांचं कंत्राट. संशोधन सहायक, दस्तऐवज सहायक आणि लिपिक ही पदं “आवश्यकता नसल्याने” संपतील.

अडचण कार्यभाराची होती. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावं असा आयोगाचा नियम. आमच्या दोघींचे मिळून चौदाच भरत होते. गावोगाव घेतलेली प्रशिक्षणं, मुलाखती, तक्रार घेऊन येणाऱ्या मुलीजवळ दोन तास बसणं, यातलं काहीच तासिकेत मोजलं जात नाही. म्हणजे ज्या कामासाठी आयोगाने केंद्र काढलं त्या कामामुळेच पदं टिकवता येत नव्हती. कुलसचिव म्हणाले, “तुम्ही ऐच्छिक विषय सगळ्या विभागांना खुला करा, तास भरून दाखवा, मी दोन पदं टिकवतो.” त्यांनी शब्द पाळला, हेही सांगायला हवं.

मॅडमनी विचारलं, “आणि ग्रंथालय?” उत्तर आलं, “मध्यवर्ती ग्रंथालय आहे की.” कोणी पुढे बोललं नाही. मीसुद्धा नाही. दोन पदं वाचताहेत तर वाचू द्या, ताईंचं नंतर बघू, असं आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. वीस मिनिटांत इतिवृत्तावर सह्या झाल्या. त्या बैठकीत ताईंना बोलावलेलं नव्हतं. त्यांना लिपिकाने सांगितलं.

काय झालं

ऐच्छिक विषय सगळ्या विभागांना खुला झाल्यावर विद्यार्थी खूप वाढले. पूर्वी वर्गात तीस मुली असायच्या, आता वाणिज्य आणि भौतिकशास्त्राची मुलंमुली मिळून दीडशेवर. शिकवणाऱ्या सांगतात की पुरुषत्वावरच्या तासाला जी चर्चा होते तशी पूर्वी कधी झाली नव्हती. हा फायदा खरा आहे आणि तो कपातीतून आला, हे मला अजून नीट पचलेलं नाही. त्याचबरोबर क्षेत्रकार्य संपलं. दीडशे जणांना उसाच्या फडात नेता येत नाही, आणि न्यायला माणूसही उरला नाही. दोघींपैकी थोरल्या दुसऱ्या अकरा महिन्यांनंतर एका खाजगी विद्यापीठात गेल्या. त्यांच्या जागी तासिका तत्त्वावर माणसं येत-जात राहतात. पदविका दोन वर्षं प्रवेश न झाल्याचं कारण देऊन स्थगित झाली.

आणि वह्या. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा एक पत्रकार आणि नंतर एक संशोधक आमच्याकडे विचारत आले: तुमच्याकडे आधीच्या मुलाखती आहेत ना? होत्या. कपाटं समाजशास्त्र विभागाच्या पोर्चमध्ये हलवलेली होती. किल्ल्यांचा जुडगा लिपिकाने जाताना जमा केला होता, त्याची पावती सापडली, जुडगा नाही. कुलूप तोडून दोन कपाटं उघडली. वह्या होत्या, पण सूची अर्धवट. हंगाम कोणता, तांडा कोणता, बोलणारी कोण, काही लागेना. मी ताईंना फोन केला. त्या तालुक्याच्या गावी एका पतपेढीत लागल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, रविवारी येते.” आल्या, दिवसभर बसून चाळीसेक वह्यांवर पेन्सिलीने गावं लिहून दिली. भाड्याचे पैसे घेतले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची खरी वेळ २०१७ नव्हतीच. बाराव्या योजनेच्या सुरुवातीला मुदतवाढ आली तेव्हा आयोगाने पदं पुढे सामावून घेण्याचं हमीपत्र मागितलं होतं. आमच्याकडून “विद्यापीठ सकारात्मक विचार करेल” असं दीड ओळींचं पत्र गेलं. राज्य शासनाची संमती घ्यायचा प्रयत्न झाला नाही, कारण पैसे येत होते. त्याच वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करायचा प्रस्तावही होता. तो मागे ठेवून आम्ही एक मोठा संशोधन प्रकल्प घेतला. अभ्यासक्रम असता तर कार्यभार असता, आणि कार्यभार असता तर शासनाकडे पद मागायला जागा असती. अजूनही एखादं केंद्र योजनेच्या पैशावर असेल तर त्याने पैसे येत असतानाच हे करून ठेवावं. हप्ता थांबल्यावर तुमचा प्रस्ताव कोणी प्रस्ताव म्हणून वाचत नाही, अर्ज म्हणून वाचतं.

दुसरं, आम्ही लेखी उत्तर मागितलं नाही. तोंडी “बघू”वर चार महिने गेले. वित्त अधिकाऱ्यांनीच एकदा सुचवलं होतं की मला लेखी विचारा, मी लेखी नकार देतो, तो नकार घेऊन तुम्ही वर जा. आम्हाला ते उद्धट वाटलं. खरं तर तो मदतीचा हात होता.

नॅकच्या अहवालाचा उपयोग करता आला असता का, यावर आमच्यात आजही वाद आहे. माझं मत, करायला हवा होता: आधी पदांबद्दलचा ठराव, मग फोटो. मॅडम म्हणतात, ते ओलीस धरणं झालं असतं आणि पुढे दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं. असेल.

बाहेरच्या पैशावर उभ्या असलेल्या पदांची गोष्ट फक्त आयोगापुरती नाही. जून २०२४ च्या अखेरीस मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक आणि कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा गेल्या. निधी देणाऱ्या न्यासाकडून आश्वासन आल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. तिथे बातमी देशभर झाली आणि पैसे देणारा एकच होता, ज्याला फोन लावता येत होता. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

विलीनीकरणाला मी आजही नाही म्हटलं नसतं. पण ती सही एका अटीवर करायला हवी होती: ताईंचं पद मध्यवर्ती ग्रंथालयात वर्ग करा, कपाटांसकट. ग्रंथालयात तेव्हा सहायकाच्या जागा रिकाम्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

सध्या तीन कपाटांची सूची झाली आहे, ऐच्छिक विषयाच्या विद्यार्थ्यांकडून, श्रेयांकाच्या बदल्यात. चौथ्याला पावसाळ्यात पाणी लागलं. पाचव्याचं कुलूप अजून तोडलेलं नाही. त्यात मासिकं असावीत असं ताई म्हणतात.